कवायतीच्या रायफलीवरील अक्षरें

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ सालीं स्थापन झाली. तेव्हांपासून आमच्या गोंदियासारख्या गांवच्या कितीएक घरांतील मुलांनीं, आणि पुढें मुलींनींहि, सुमारें चार किलो वजनाची ‘थ्री-नॉट-थ्री’ खांद्यावर घेऊन कवायत केली. शिबिराहून आलेलीं मुलें दुखऱ्या खांद्याची कथा सांगतात. परंतु त्या रायफलीवर काय कोरलें होतें, असें विचारल्यास बहुधा निरुत्तर होतात. शिलालेख पाहावयास आपण रामटेकास जातों. हातांतील लोखंडावरचा लेख मात्र न वाचलेलाच राहतो!

दस्ता जेथें पोलादास मिळतो, तेथें उजव्या अंगास पाहावें. इशापूरच्या जुन्या रायफलीवर मुकुट, त्याखालीं जी. आर. आय., मग कारखान्याचें नांव, वर्ष व नमुना आढळतो. त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’. (मूळ लॅटिन ‘रेक्स’ हा आपल्या ‘राजन्’ शब्दाचा सख्खा भाऊ होय.) इंग्लंडांत घडलेल्या रायफलीवर नुसतें जी. आर.; तेथें तो राजाच, सम्राट काय तो आमच्यापुरता! १९४८ सालीं ती पदवी गेली. पुढें इशापूरच्या शिक्क्यांतून मुकुटहि गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले.

परंतु आईबापांनीं ओळखावयाचीं अक्षरें निराळीं आहेत : डी. पी., म्हणजे ‘ड्रिल पर्पज’, केवळ कवायतीसाठीं. झिजलेली किंवा सदोष रायफल गोळीबारांतून काढली, कीं तिची नळी, बोल्ट, दस्ता यांवर ही खूण ठोकतात. लाकडावर पांढरा पट्टाहि रंगवितात. पुष्कळदां काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेचें टोंक कापलेलें असतें. एकच खूण इतक्या ठिकाणीं कां? कारण हे भाग सुटे होतात, आणि एकीचा बोल्ट दुसरींत सरकूं शकतो. कवायतीच्या रायफलींत धडका बोल्ट बसला, तर ती वरकरणी कामाची दिसेल. परंतु आंतील जीर्ण पोलाद काडतुसाचा दाब सोसेलच असें नाहीं, आणि बोल्ट तर नेम धरणाऱ्याच्या डोळ्याजवळच असतो. बोल्टवरील व रायफलीवरील क्रमांक जुळतात ना, हें पाहावयाचें तें याचसाठीं.

उलट पक्षीं, डी. पी. आहे म्हणून तें खेळणें नव्हे. पिनेचें टोंक खरोखर कापलें आहे कीं नाहीं, हें अक्षरांवरून कळत नाहीं. म्हणून कवायतीची रायफलहि कोणाकडे रोखूं नये, हा दंडक कडक शिक्षक पाळावयास लावतात, आणि तें योग्यच होय. छात्रसेनेंत नेमबाजीच्या प्राथमिक शिक्षणासाठीं बारीक नळीची ‘पॉइंट टू-टू’ रायफल निराळी असते.

एखाद्या वाड्याच्या माळ्यावर अशी जुनी रायफल निघाली, तर ती उघडून पाहण्याचें धाडस करूं नये. १९५९ चा शस्त्र-अधिनियम तिला लागू असूं शकतो. ती जागच्या जागीं ठेवून पोलीस ठाण्यांत कळवावें.