छोटा कुक्कुटपालक आणि बर्ड फ्लूची जोखीम

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात जोखमीची व्याख्या सोपी असते. नुकसान होण्याचा संभव किती आणि झालेच तर किती रुपयांचे, या दोहोंचा विचार म्हणजे जोखीम. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली आपल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिचा संभव मोजता येतो ती जोखीम, आणि ज्याचा अंदाजच बांधता येत नाही ती अनिश्चितता. पहिलीचा विमा उतरवता येतो, दुसरी मात्र उद्योजकाला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. हा भेद मला वर्गात नीटसा उमगला नव्हता. आमच्या बेळगाव भागातील काही छोट्या कुक्कुटपालकांशी बर्ड फ्लूविषयी बोललो, तेव्हा तो उमगला.

वर्तमानपत्रात बर्ड फ्लू म्हणजे एक विषाणू असतो. शेडच्या मालकाच्या दृष्टीने ती एक बातमी असते, एक सरकारी हुकूम असतो आणि पडलेला भाव असतो. तो रोगाला भीत नाही म्हणून त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याची भीती कोठे आहे हे पाहिले, तर त्याचा हिशेब फारसा चुकीचा नाही असे दिसते. हा हिशेब समजून घेतल्याशिवाय रोगाला आळा घालता येणार नाही, असे मला वाटते.

प्रथम रोगाविषयी थोडे. बर्ड फ्लू हा 'इन्फ्लुएंझा ए' जातीच्या विषाणूमुळे होतो. त्यांपैकी एच५एन१ हा प्रकार विशेष घातक आहे. १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील हंसांत तो आढळला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली व त्यांतील ६ दगावली. भारतात हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे जाहीर झाला. लगेच मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील परसातल्या कोंबड्यांतही तो सापडला. त्यानंतर त्याने अनेक राज्यांत पुनःपुन्हा डोके वर काढले. कर्नाटकात २०१२ साली हेसरघट्टा येथे, २०२० साली म्हैसूर व दावणगेरे भागात आणि २०२५ साली बळ्ळारी व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांत तो आढळला. रानातील पाणपक्षी हा विषाणू दूरदूर नेतात. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो बहुधा माणसाच्याच हातून जातो. विष्ठा लागलेली चप्पल, खाद्याची पोती, अंड्यांचे ट्रे, पक्षी भरून नेणारी गाडी ही त्याची वाहने होत.

आता कुक्कुटपालकाच्या बाजूने पाहू. सकाळी शेडमध्ये शिरल्यावर दहा-वीस पक्षी मेलेले दिसले, तर त्याच्या मनात पहिला शब्द कोणता येतो? 'मानमोडी'. कन्नड भाषिक शेतकरी त्यालाच 'कोक्करे रोग' म्हणतो. शास्त्रीय नाव राणीखेत. हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. त्याची लस मिळते, आणि पिल्ले आठवड्याची होण्याच्या सुमारास लासोटाचे थेंब देण्याची रीत आता खेड्यातही रुळली आहे. अडचण अशी की दोन्ही रोगांची लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. अंडी एकदम कमी होतात, पक्षी मान टाकतात, श्वास लागतो, मरतुक वाढते. बर्ड फ्लूत तुरा निळसर पडतो, डोके सुजते; पण नुसत्या डोळ्यांनी पशुवैद्यही खात्री देऊ शकत नाही. निदानावर शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. २००६ साली नवापुरातही अनेकांनी ही मानमोडीच आहे असेच म्हटले होते. ज्या शत्रूची ओळख आहे त्याचेच नाव माणूस आधी घेतो. शिवाय मानमोडीला लस तरी आहे. 'हक्की ज्वर' म्हटले की पुढे फक्त खड्डा आहे, हे त्याला ठाऊक असते.

स्वतःच्या जिवाची भीती त्याला जवळजवळ वाटत नाही. "इतकी वर्षं कोंबड्यांतच हाय, काय झालंय मला?" असे एक काका हसून म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार २००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ झाला आणि त्यांतील जवळपास निम्मी दगावली. म्हणजे माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण झाल्यास फार घातक ठरतो. भारतात त्याने झालेला पहिला मानवी मृत्यू २०२१ साली नोंदला गेला. तो हरियाणातील एक लहान मुलगा होता. जी घटना आपल्या पंचक्रोशीत कोणी पाहिलेलीच नाही, तिचे भय मनात धरणे कोणालाही कठीण जाते. आपणही याहून वेगळे वागत नाही.

भीती आहे ती बाजाराची. "रोग आला तर एका शेडची कोंबडी मरते, बातमी आली तर समद्या जिल्ह्याची मरते," असे दुसऱ्या एका पालकाने सांगितले. २००६ साली रोग नवापुरात होता, पण कोंबडी व अंडी यांचे भाव देशभर कोसळले. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, ७० अंश सेल्सियस उष्णतेला तो मरतो, हे तेव्हा कोणी ऐकून घेतले नाही. त्याहून बोलके उदाहरण आमच्याच जिल्ह्यातील आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीपासून कोरोना होतो अशी अफवा उठली. कोंबडीला रोग नव्हता, तरीही भाव इतके पडले की गोकाक तालुक्यातील एका कुक्कुटपालकाने सुमारे ६,००० जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. ज्याने हे पाहिले, त्याच्या दृष्टीने विषाणूपेक्षा बातमी अधिक मारक ठरली तर त्यात नवल ते काय?

दुसरी भीती सरकारी हुकुमाची. रोग निश्चित झाला की साधारणतः एक किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या मारल्या जातात, निरोगी असल्या तरी, आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. रोग थोपविण्यासाठी हे आवश्यक आहे, हे मान्य. नुकसानभरपाईही मिळते, तिचा खर्च केंद्र व राज्य निम्मा निम्मा उचलतात. पण तिची रचना पाहावी. २०२१ च्या साथीत महाराष्ट्रात सहा आठवड्यांपर्यंतच्या ब्रॉयलरला २० रुपये, त्यावरील ब्रॉयलरला ७० रुपये आणि आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये असा दर होता. दर वेळोवेळी बदलतात, पण एवढ्यावरून एक उदाहरण मांडून पाहू.

समजा, एकाने स्वतःच्या भांडवलावर २,००० ब्रॉयलर वाढवले आणि ते पाच आठवड्यांचे झाले. पिल्लू ३० रुपयांचे, आणि तोवर त्याने खाल्लेले तीन किलो खाद्य किलोला ३० रुपये दराने ९० रुपयांचे. पक्ष्यामागे खर्च १२० रुपये, एकूण २,४०,०००. भरपाई २० रुपयांप्रमाणे ४०,०००. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास विकलाच जातो. म्हणजे बहुतेक काळ त्याचे शेड सरकारी तक्त्यात 'पिल्लांचे'च असते. उलट, चार पक्षी मरताच त्याने बाकीचे व्यापाऱ्याला पडेल भावाने, समजा ६० रुपयांना, देऊन टाकले, तर १,२०,००० रुपये हाती येतात. कळवण्यापेक्षा विकण्यात तिप्पट पैसा. असा ताळेबंद समोर असताना गुपचूप विकणाऱ्याला केवळ लोभी म्हणून चालणार नाही.

करारावर पक्षी वाढवणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. पिल्ले, खाद्य व औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि राबणूक याची. पक्षीच त्याचे नसल्याने त्यांच्या भरपाईवर त्याचा हक्क कमकुवत ठरतो. शेड निर्जंतुक करून पुन्हा पक्षी भरण्याची परवानगी मिळेपर्यंत महिने जातात, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. रिकाम्या शेडची भरपाई पक्ष्यांच्या दरपत्रकात कोठेच नाही.

आणि परसातली गावठी, म्हणजे आमच्याकडची जवारी कोंबडी? ती बहुधा घरच्या बाईची मिळकत असते. अंड्यांचे पैसे तिच्याच गाठीला राहतात. त्यांतून मुलांच्या वह्या येतात, दवाखाना निभतो. बाजारात तीन-चारशेला जाणारी कोंबडी शंभराच्या आत द्यावी लागणार असेल, तर ती डालग्याखाली लपवली जाणारच. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये लक्षावधी पक्षी मारले गेले, तेव्हा अनेक गावकऱ्यांनी कोंबड्या अशाच लपवल्या होत्या.

पण या हिशेबात एक आकडा धरलेला नसतो. घाईने विकलेला पक्षी रोग घेऊनच दुसऱ्या गावी जातो. तो तोटा विकणाऱ्याच्या वहीत लिहिला जात नाही, शेजाऱ्याच्या वहीत लिहिला जातो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. प्राण्यांमधील रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा केंद्रीय अधिनियम रोगाची शंका येताच कळविण्याचे बंधन मालकावर घालतो. परंतु दोन्ही वह्यांतील अंतर नुसत्या कायद्याच्या धाकाने मिटत नाही. भरपाई पक्ष्याच्या वयाबरोबर खाद्याच्या खर्चाशी जोडली, करारी पालकाच्या रिकाम्या शेडचा विचार केला आणि रक्कम लवकर हातात पडली, तर कळवणे परवडेल. तेव्हाच नाइटच्या भाषेत अनिश्चिततेची जोखीम होईल.

तोवर दोन गोष्टी प्रत्येक पालकाला त्याच्या भाषेत सांगण्याजोग्या आहेत. पहिली, भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून उशीर हा त्याच्याच पैशाचा तोटा आहे. दुसरी, शेडच्या दाराशी चुना, आत वेगळी चप्पल, खिडक्यांना जाळी आणि दुसऱ्याचे ट्रे न वापरणे, यांचा खर्च काही शे रुपयांचा आहे आणि त्याने मानमोडीलाही अटकाव होतो. मानमोडीचे नाव काढले की तो लक्ष देऊन ऐकतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आपल्या महाविद्यालयात खेड्यांतून येणारे, घरी शेड असलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एक पानी माहितीपत्रक काढणे आपल्याला अवघड नाही. त्यात रोगाच्या वर्णनाइतकीच जागा त्या वर्षीच्या भरपाईच्या दरांना आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पत्त्याला द्यावी. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी दर आणि हिशेब पाहावा, विज्ञानच्या विद्यार्थ्यांनी लक्षणे लिहावीत. रोगाचा हंगाम बहुधा डिसेंबर ते मार्च असतो. पत्रक दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तयार झाले, तर सुट्टीत ते आपोआप गावोगाव पोहोचेल.