टीडीएस मीटर 0 दाखवतो, तरी समुद्री टाकीत तपकिरी थर का?

नव्या समुद्री टाकीत काही आठवडे तपकिरी थर येतोच. जुन्या टाकीत तो परत आला, तर मीठ घालण्याआधीचं पाणी तपासा.

टीडीएस तीन ठिकाणी मोजा: आरओनंतर, डीआयनंतर आणि साठवणीच्या ड्रममध्ये. डीआयनंतर 0, पण ड्रममध्ये जास्त? मग दोष ड्रमचा किंवा त्यातल्या पंपाचा. वाटेत पितळी नळ असेल तर आधी तो काढा. त्यातून सुटणारं तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

तिन्हीकडे सगळं ठीक? तरी डीआयचं रेझिन बदलून बघा. ते संपत आलं की सिलिका लवकर निसटते, ती या मीटरला जवळपास दिसतच नाही आणि तपकिरी डायटम शैवाल तिच्यावरच पोसतं.