उलट मोजणारा तापमापक

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी असेंबल केलेला कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला, की हौशी माणूस लगेच प्रोसेसरचं तापमान बघायला जातो. घोळ तिथूनच सुरू होतो. बायोस ५२ अंश दाखवतो, मदरबोर्डबरोबर आलेला प्रोग्राम ३८. डाउनलोड केलेला तिसरा प्रोग्राम प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा सांगतो, आणि त्याच यादीत खाली एका ओळीत १२७ अंश झळकत असतात. खोलीत ३२ अंशांचा उकाडा असताना एखादा कोअर २४ वर निवांत बसलेलाही दिसतो. हे तर अशक्यच. पंख्याच्या हवेवर थंड होणारी वस्तू त्या हवेपेक्षा गार होत नाही.

या आकड्यांचा उगम पाहिला, तर गोंधळ बराच निवळतो. प्रोसेसरमधला सेन्सर तुम्हा-आम्हाला तापमान कळावं म्हणून बसवलेला नाही. चिप जळू नये, एवढंच त्याचं काम. अंशांचा आकडा हा त्या कामातून पुढे काढलेला हिशोब आहे, आणि चूक बहुधा हिशोबात असते.

सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला, तर तापमान एका अंशाने वाढताना त्याच्या टोकांमधला व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टनी उतरतो. चिपच्या पोटात असा डायोड ठेवायचा आणि व्होल्टेजवरून तापमान काढायचं, ही सगळी युक्ती. पण ती सर्वत्र लगेच आली नाही. एएमडीच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनमध्ये असा डायोड नव्हता. सॉकेटच्या मधल्या पोकळीत, प्रोसेसरच्या खाली, मदरबोर्डवर एक थर्मिस्टर असे. तो सांगायचा ते चिपच्या खालच्या बाजूचं तापमान, तेही उशिराने. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने चालत्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून त्याचं चित्रीकरण केलं. अ‍ॅथलॉन पाहता पाहता जळाले. त्यांतल्या एका नव्या चिपमध्ये डायोड होता, पण मदरबोर्ड वेळेत हालचाल करू शकला नाही. इंटेलचा पेंटियम ४ मात्र मंदावला आणि चालत राहिला. त्यात दोन वेगळे सेन्सर होते: एक बाहेर आकडा कळवणारा, दुसरा कारखान्यात जुळवून ठेवलेला आणि थेट वेग कमी करणारा. दाखवण्याचं काम वेगळं आणि वाचवण्याचं वेगळं, हे तेव्हाच स्पष्ट होतं.

पुढे इंटेलच्या कोअर मालिकेत प्रत्येक कोअरमध्ये डिजिटल सेन्सर आला, आणि तो चक्क उलटा मोजतो. ‘मी ३८ अंशांवर आहे’ असं तो म्हणत नाही. ‘कमाल मर्यादेला अजून ६२ अंश बाकी आहेत’ असं सांगतो. बाकी शून्य झाली, की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. पडद्यावरचं तापमान काढायला प्रोग्राम मर्यादेतून बाकी वजा करतो. मर्यादा १०० धरली तर ३८, १०५ धरली तर ४३, ९५ धरली तर ३३. सेन्सर तोच, नोंद तीच, उत्तरं तीन.

२००८च्या सुरुवातीला आलेल्या कोअर २ ड्युओ ई८४०० या लोकप्रिय प्रोसेसरच्या बाबतीत नेमकं हेच झालं. डेस्कटॉप चिपांची मर्यादा इंटेलने तेव्हा जाहीर केलेली नव्हती. प्रोग्राम लिहिणारे आपापल्या अंदाजाने चालत. कोणी ९५ धरी, कोणी १०५. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने आपल्या डेव्हलपर फोरममध्ये १०० हा आकडा दिला, तोही ‘लक्ष्य’ म्हणून. प्रत्येक चिपमध्ये तो काटेकोर तितकाच असेल, अशी हमी नव्हती. शिवाय त्या पिढीतल्या अनेक चिपांचे सेन्सर गार असताना एकाच आकड्यावर अडकून बसत. मर्यादेजवळ अचूक असावं म्हणूनच ते जुळवलेले होते. मर्यादेपासून जितकं लांब, तितकी चूक जास्त. वर्षअखेरीस कोअर आय७ आला, तेव्हापासून प्रोग्रामला मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता येऊ लागली आणि वजाबाकीचा वाद मिटला.

एएमडीची तऱ्हा निराळी. फेनॉमच्या काळापासून तिच्या चिपा जो आकडा देत, त्याला कंपनीच्या मार्गदर्शिकेतच भौतिक तापमान न म्हणता पंखा नियंत्रणाची मोजपट्टी म्हटलेलं आहे. त्यामुळे रिकाम्या बसलेल्या एफएक्स प्रोसेसरवर खोलीपेक्षा कमी अंश दिसणं नेहमीचं होतं. मार्च २०१७ मध्ये रायझन आला आणि काटा दुसरीकडे झुकला. १७००एक्स आणि १८००एक्स हे दोन प्रोसेसर खऱ्या तापमानात २० अंश मिळवून कळवत, जेणेकरून सगळ्या रायझनना पंख्याचं एकच धोरण लावता यावं. साध्या १७०० ला ही भर नव्हती. ज्या प्रोग्रामला ती वजा करायची माहिती नव्हती, त्याने कित्येकांना विनाकारण नवा कूलर घ्यायला लावला असेल.

तिसरा बोलणारा म्हणजे मदरबोर्डवरची देखरेखीची चिप, बहुधा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची. तिला तापमानाच्या अनेक वाटा असतात आणि मदरबोर्ड बनवणारा त्यांतल्या काहींनाच सेन्सर जोडतो. मोकळ्या राहिलेल्या वाटेवर १२७ सारखा भलता आकडा उगवतो. तो खुशाल सोडून द्यावा. बायोसमधला आकडा जास्त दिसतो त्याचंही कारण साधं आहे: विंडोज रिकाम्या प्रोसेसरला झोपवतं, बायोस तसं सहसा करत नाही.

तेव्हा शंका आली तर शोध क्रमाने घ्यावा. कॅबिनेटशेजारी साधा तापमापक ठेवून खोलीचं तापमान पाहावं. देखरेखीचा एकच प्रोग्राम चालू ठेवावा. दोन प्रोग्राम एकाच वेळी त्याच चिपला विचारू लागले, की मधूनच वेडेवाकडे आकडे येतात. प्रोग्राम आणि बायोस दोन्ही अद्ययावत करावेत, कारण नवा प्रोसेसर नीट कसा वाचायचा, हे जुन्या आवृत्तीला ठाऊक नसतं. मग सगळ्या कोअरवर दहा-पंधरा मिनिटं पूर्ण भार टाकावा. चांगला सेन्सर भार पडताच काही अंश उसळतो आणि भार काढताच तितक्याच चटकन उतरतो. आकडा ढिम्म हलला नाही, तर तो अडकलेला आहे किंवा प्रोग्राम भलतीच ओळ वाचतोय. यानंतर वेग उतरवल्याची खूण पाहावी. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये ती हो-नाही अशी दिसते. ती प्रोसेसर स्वतः देतो, मधे कुणाची वजाबाकी नसते.

भार टाकल्यावर काही सेकंदांतच मर्यादा गाठली जात असेल आणि ही खूणही उमटत असेल, तर सेन्सरला दोष देऊ नये. कूलर उघडावा. तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेलेली असते. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एखादी पूर्ण बसलेली नसते. मदरबोर्ड मागून पाहिला की ती ओळखू येते. वॉटर कूलर असेल, तर पंपाची वायर जोडायची विसरलेली असते. थर्मल पेस्टवर कूलरचा ठसा अर्धाच उमटला असेल, तर दाब एका बाजूला पडतोय.

उलटही होतं. २०२२ साली आलेल्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जातात, आणि त्यांची रचनाच तशी आहे. तिथे आकडाही खरा आणि मशीनही ठणठणीत. म्हणून रिकाम्या कॉम्प्युटरचे ३४ की ३९ यावर रात्र घालवण्यात अर्थ नाही. पूर्ण भारावर मर्यादेला किती अंश बाकी उरतात आणि वेग टिकतो का, ही दोन उत्तरं समाधानकारक असली, तर कॅबिनेटचं झाकण लावून कामाला लागावं.