तात्पर्यापासून प्रतिसादाकडे : प्राथमिक शाळेतील ग्रंथालय, वाचनकृती आणि वाङ्मयीन जाण

प्राथमिक शाळेतील ग्रंथालयाचा विचार आपल्याकडे मुख्यतः शिक्षणशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र या दोन विद्याशाखांनी केला आहे. साहित्याभ्यासाने तो आपल्या कक्षेबाहेरचा मानला. वाचककेंद्री समीक्षेने संहितेच्या अर्थनिर्मितीत वाचकाचा वाटा मान्य केला, परंतु तिने गृहीत धरलेला वाचक बहुधा प्रौढ, सुशिक्षित आणि वाचनसंकेतांना सरावलेला असतो. हे संकेत त्याने कोठे आत्मसात केले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्या मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शाळेतील ग्रंथालय हेच असू शकते. तेथे पुस्तकाशी कोणत्या कृतींमधून त्याचा संबंध येतो, यावर तो पुढे साहित्याचा वाचक होणार की केवळ अक्षरओळख असलेला नागरिक, हे बऱ्याच अंशी ठरते. या कृतींचे स्वरूप आणि त्यांतून घडणारे वाङ्मयीन शिक्षण स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तंजावर : पुस्तक आणि तात्पर्य

मराठी बालवाङ्मयाच्या मुद्रित परंपरेचा आरंभ मराठी प्रदेशाबाहेर झाला, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी 'नवविद्याकलानिधी' ही शाळा आणि तिच्याशी निगडित देवनागरी छापखाना सुरू केला. त्यांच्याच प्रेरणेने इसापच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध झाले. ग्रीक परंपरेतील कथा तमिळ प्रदेशातील मराठी राजाच्या आश्रयाने मुलांसाठी मराठीत याव्यात, ही घटना तौलनिक अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारी आहे.

इसापच्या कथांबरोबर 'तात्पर्य' ही संस्थाही आपल्या शालेय जीवनात दृढमूल झाली. कथा वाचावी आणि अखेरीस एका वाक्यात तिचा बोध सांगावा, हा परिपाठ कथेच्या स्वभावातूनच आलेला आहे, असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी दिसते. प्राचीन संग्रहांत अशी वाक्ये अनेकदा कथेच्या आरंभी येत. वक्त्याला प्रसंगानुरूप कथा चटकन सापडावी, हे त्यांचे मूळ प्रयोजन असावे, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. म्हणजे तात्पर्य हा कथेचा अर्थ नव्हता, तर एका अर्थी ती सूचीतील नोंद होती. शाळेने या नोंदीलाच अर्थाचे स्थान दिले. पुस्तक वाचून झाल्यावर मुलाला काय विचारावे, हा ग्रंथालयातील कळीचा प्रश्न या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

२. बडोदे : पुस्तकाची उपलब्धता

पुस्तक हाती येणे ही वाचनाची पहिली अट होय. तिचा सर्वंकष विचार बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. साक्षर झालेले मूल वाचायला काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षरतेकडे वळते, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि लाकडी पेट्यांतून पाठविली जाणारी फिरती ग्रंथालये अशी रचना त्यातून उभी राहिली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथे पुस्तकांबरोबर खेळही होते. १९१२ पासून निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. ग्रंथालयाचा विचार बहुभाषिकच असावा लागतो, याची ही जाणीव महत्त्वाची आहे.

पुढे १९३१ मध्ये शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील पहिले सूत्र ग्रंथांच्या वापरासंबंधी, तर दुसरे-तिसरे वाचक आणि ग्रंथ यांच्या परस्परभेटीसंबंधी आहे. ही भेट आपोआप घडत नाही, ती घडवून आणावी लागते. शाळेतील कृतींचे प्रयोजन येथून सुरू होते.

३. भावनगर : वर्गातील ग्रंथालय

हे प्रयोजन गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी नेमके ओळखले. वकिली सोडून ते भावनगरच्या 'दक्षिणामूर्ती' संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातील लक्ष्मीराम हा शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि आरंभ गोष्टींनी करतो. गोष्टीची गोडी लागल्यानंतर पुढची पायरी येते. प्रत्येक मुलाने तीच ती पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी तो पैसा एकत्र करून निरनिराळी पुस्तके आणावीत आणि वर्गाचे ग्रंथालय करावे, अशी योजना तो मांडतो.

वरवर पाहता ही काटकसरीची युक्ती वाटते. परंतु तीत एक मूलगामी बदल दडलेला आहे. सर्वांच्या हाती एकच पुस्तक असते तेव्हा वर्गात बोलण्यासारखे फक्त त्याचे 'बरोबर' उत्तर उरते. प्रत्येकाच्या हाती निराळे पुस्तक आले की एकाने वाचलेले दुसऱ्याला सांगण्याची, शिफारस करण्याची, नापसंती व्यक्त करण्याची गरज उत्पन्न होते. समीक्षाव्यवहाराचे बीज या गरजेत आहे. गोष्ट आधी, पुस्तक नंतर, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. मौखिक परंपरेतून आलेल्या मुलाला मुद्रित संहितेकडे नेणारा तो पूल आहे.

४. कृती आणि त्यांतून घडणारे शिक्षण

आज प्राथमिक शाळांच्या ग्रंथालयांत रुजू पाहणाऱ्या कृतींकडे या दृष्टीने पाहता येते. गोव्यात २००५ मध्ये सुरू झालेली 'बुकवर्म' ही संस्था, ग्रंथालय-शिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालविणारा टाटा ट्रस्टचा 'पराग' उपक्रम, मध्य प्रदेशातील 'एकलव्य' यांच्या कामातून या कृतींना शिस्तबद्ध रूप आले.

पहिली कृती प्रकट वाचनाची. शिक्षक पुस्तक मुलांसमोर धरून, चित्रे दाखवीत मोठ्याने वाचतो. मुलाची ऐकून समजण्याची क्षमता या वयात वाचून समजण्याच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ पुढे असते, म्हणून अडखळत वाचणाऱ्या मुलालाही प्रकट वाचनातून समृद्ध भाषा आणि गुंतागुंतीचे कथानक भेटते. चित्रपुस्तकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पॅट हचिन्स यांच्या 'रोझीज वॉक' (१९६८) या पुस्तकात शब्द केवळ एका कोंबडीच्या फेरफटक्याविषयी बोलतात. चित्रांत मात्र तिच्या पाठीवर असलेला कोल्हा दिसतो. त्याचा उल्लेख शब्दांत कोठेही नाही. निवेदकाला ठाऊक नसलेले, किंवा त्याने सांगायचे टाळलेले, आपल्याला ठाऊक आहे, हा अनुभव पाच-सहा वर्षांचे मूल येथे घेते. नाट्यात्म उपरोधाची संकल्पना त्याला पुढे कधी शिकविली जाईल तेव्हा तिचा अनुभव त्याच्या गाठीशी असेल.

दुसरी कृती मांडणीची. पुस्तके कपाटात कण्याकडून न लावता मुखपृष्ठ समोर येईल अशी, मुलांच्या हाताला लागतील इतक्या उंचीवर ठेवली जातात. दोरीवर टांगलेली पुस्तकेही हेच काम करतात. निवड करणे ही वाचकाची पहिली स्वायत्त कृती आहे. पुस्तक अर्धवट सोडण्याचा अधिकारही तीत अंतर्भूत आहे.

तिसरी कृती देवघेवीची. मुलेच नोंदवहीत पुस्तकाचे नाव, लेखक, तारीख लिहितात, फाटलेली पाने चिकटवतात. पुस्तकाला लेखक, चित्रकार, अनुवादक असतो, हे ज्ञान या नोंदींतून सहज होते. पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पुस्तक हे कोणी लिहिलेले नसते, ते केवळ 'असते'.

चौथी आणि सर्वांत नाजूक कृती वाचनोत्तर संवादाची. लुईस रोझेनब्लॅट यांनी वाचनाचे दोन पवित्रे सांगितले : वाचून झाल्यावर हाती काय उरेल याकडे लक्ष ठेवणारा आणि वाचताना काय अनुभवाला येते त्याकडे लक्ष देणारा. तात्पर्य विचारणारी शाळा मुलाला केवळ पहिला पवित्रा शिकविते. एडन चेंबर्स यांनी 'टेल मी' (१९९३) या पुस्तकात सुचविलेली पद्धत निराळी आहे. काय आवडले, काय आवडले नाही, कशाचे कोडे पडले आणि कोणत्या गोष्टी एकमेकींशी जुळताना दिसल्या, एवढेच विचारायचे. 'का?' हा प्रश्नही त्यांनी टाळायला सांगितला, कारण तो मुलाला उलटतपासणीसारखा वाटतो. चौथ्या प्रश्नातून आकृतिबंधाची जाण विकसित होते आणि तिसऱ्यातून संहितेतील मोकळ्या जागांचे भान येते.

५. एक कथा, दोन रूपे

तौलनिक साहित्याभ्यासाची मूळ कृतीसुद्धा या वयात शक्य असते. माकड आणि मगर यांची कथा पंचतंत्रात आहे, तशी जातककथांमध्येही आहे. दोन्हींत मगरीला माकडाचे काळीज हवे असते, दोन्हींत माकड ते झाडावर ठेवले असल्याचे सांगून सुटते. पंचतंत्रात मात्र समुद्रकाठच्या जांभळाच्या झाडाखाली माकड आणि मगर यांची आधी मैत्री झालेली असते. सुंसुमार जातकात अशी मैत्री नाही. पैलतीरावरच्या फळांचे आमिष दाखवून माकडाला पाठीवर घेतले जाते.

ही दोन रूपे चौथी-पाचवीच्या मुलांसमोर शेजारीशेजारी ठेवून 'काय बदलले?' एवढेच विचारले, तर चर्चेला दिशा मिळते. एका रूपात विश्वासघात आहे, दुसऱ्यात केवळ फसवणूक आहे. पंचतंत्रातील मगर दोन निष्ठांच्या कात्रीत सापडलेला आहे, जातकातील मगर तसा नाही. 'संकटात युक्ती कामी येते' हे तात्पर्य दोन्ही कथांना सारखेच लागू पडते आणि म्हणूनच ते त्यांच्यातील भेद सांगण्यास असमर्थ ठरते. तात्पर्य आणि अर्थ यांतील अंतर मुलांना दाखविण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच असेल.

रूपांप्रमाणे भाषांचाही विचार येथे येतो. चेन्नईची 'तुलिका' ही संस्था एकच पुस्तक मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रकाशित करते. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या मंचावर २०१५ पासून मुक्त परवान्याने कथा आणि त्यांची भाषांतरे उपलब्ध झाली. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलाला एकच कथा दोन्ही भाषांत मिळाली, तर घरच्या भाषेलाही पुस्तकात प्रतिष्ठेचे स्थान आहे, हे त्याला उमगते. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांसाठी आरसा आणि खिडकी ही रूपके योजली. बहुभाषिक वर्गात आरसा हा प्रथमतः भाषेचा असतो.

६. अडसर

१९८७ च्या खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना पुस्तके मिळाली. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे आवश्यक ठरविले. २०१८ मधील समग्र शिक्षा योजनेने शाळेच्या स्तरानुसार वार्षिक ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान योजले. तरीही पुस्तके पेटीत किंवा कुलूपबंद कपाटात राहण्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. पुस्तक हा जडसंग्रह नोंदवहीतील जिन्नस मानला जातो आणि हरवल्यास त्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. फाटलेले पुस्तक हे वाचले गेल्याचे चिन्ह न ठरता दोष ठरते. प्राथमिक शाळेत स्वतंत्र ग्रंथपालाचे पद बहुधा नसते. वेळापत्रकातील ग्रंथालयाची तासिका अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी सहज वापरली जाते.

या अडचणींचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. घरी पुस्तके असलेल्या मुलाचे शाळेतील कपाट बंद राहिल्याने फारसे बिघडत नाही. ज्याला ती नाहीत त्याच्यासाठी कथा म्हणजे परीक्षेत विचारले जाणारे तात्पर्य, एवढाच साहित्याचा अर्थ कायम होतो. विद्यापीठीय वर्गात कविता समोर येताच 'कवीला काय सांगायचे आहे?' असे विचारणारा विद्यार्थी बहुधा याच वाटेने आलेला असतो.

यासाठी तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना करता येण्याजोगी कामे मर्यादित पण निश्चित आहेत. मुलांसाठीच्या भाषांतरांची समीक्षा प्रौढ वाङ्मयाच्या भाषांतरांइतक्याच गांभीर्याने होणे, एकाच कथेची निरनिराळ्या भारतीय भाषांतील रूपे शिक्षकांना वापरता येतील अशा स्वरूपात संकलित होणे आणि शिक्षक-प्रशिक्षणात बालवाङ्मयाच्या आस्वादाला स्थान मिळणे, ही त्यांपैकी काही होत. मराठीच्या बाबतीत तंजावर आणि बडोदे येथील वारसा यासाठी हाताशी आहे.