डोकं उठतं त्या दिवशी

नरक चतुर्दशीची पहाट. तेल, उटणं, कढत पाणी, केसांवरून न्हाणं. आणि मग नऊच्या सुमारास, फराळाची ताटं मांडता मांडता घरातली एखादी बाई कपाळ दाबत आतल्या खोलीत जाऊन पडते. घरातले म्हणतात, दगदग झाली. दगदग झालेली असतेच. पण न्हाल्यावर डोकं उठतं ही तिची तक्रार वर्षानुवर्षांची असते आणि ती कुणी फारशी मनावर घेत नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ती मनावर घेतली. केस धुतल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं त्यांनी २००६ साली ‘सेफलाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यातल्या काहींना नुसतं न्हाणं पुरत होतं. बाकीच्यांना न्हाण्याच्या जोडीला आणखी एखादं कारण लागत होतं.

मला हे काम मोलाचं वाटतं, कारण बायका आपसात बोलत आलेली गोष्ट त्यामुळे वैद्यकाच्या दप्तरी लागली. शिवाय त्यातून घरच्या घरी करण्यासारखं बरंच काही सुचतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी उपासाच्या किंवा जागरणाच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊ नये. केस लगेच कोरडे करावेत, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधू नये. केस ओढून बांधल्याने होणारी डोकेदुखी तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. घट्ट हेल्मेटने किंवा पोहण्याच्या चष्म्याने होणारीही आहे. दाब किंवा ताण सैल केला की ती तासाभरात थांबते. लग्नसमारंभात डोकं ठणकायला लागलं तर आधी पिना काढा, गजरा उतरवा, केस मोकळे सोडा.

न्हाणीघरातली आणखी एक डोकेदुखी आहे आणि तिथे घरगुती उपाय करत बसणं जिवावर बेतू शकतं. बंद बाथरूममधला गॅस गीझर. हवा खेळती नसेल तर ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, चक्कर आणि मळमळ एवढीच सुरुवातीची खूण. पहाटे आंघोळी सुरू असताना एकापाठोपाठ एक माणसांचं डोकं दुखायला लागलं, तर बाम शोधू नका. गीझर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा. हा गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागीच बसवलेला असावा.

आता नेहमीच्या डोकेदुखीकडे येऊ. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून तर काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना, त्याच्याशी बोलत बोलत करता येतात. दुखतात ती मेंदूवरची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, कपाळ-मानेचे स्नायू. सर्वांत जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी: दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं होतं, मान-खांदे भरून येतात, पण माणूस कामं रेटू शकतो. अर्धशिशी वेगळी. ती बहुधा एका बाजूला ठसठसते, जिना चढलं तरी वाढते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, उलटीची भावना होते आणि उपचार केले नाहीत तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ती सुमारे तिप्पट आढळते.

हा फरक ओळखायला हवा, कारण एकीला मानवतं ते दुसरीला मानवेलच असं नाही. ताणाच्या डोकेदुखीत मानेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, कवटीच्या तळाशी अंगठ्यांनी हळूहळू दाब, खांदे कानांपर्यंत उचलून सोडणं, थोडं चालून येणं, यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. अर्धशिशीत बहुतेकांना थंड बरं वाटतं. बर्फ फडक्यात गुंडाळून कपाळावर किंवा मानेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवावा, अंधाऱ्या खोलीत पडावं, आणि शक्य तर झोपावं. या वेळी अनेकांना डोक्याची त्वचासुद्धा हुळहुळी होते, कंगवा फिरवलेला सोसत नाही. अशा माणसाचं डोकं मायेने तेल घालून चोळणं म्हणजे त्याला छळणं आहे. आधी विचारावं.

बाम लावल्याने काय होतं? त्यातलं मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकांना जागं करतं आणि प्रत्यक्षात तापमान न बदलता गार वाटतं. हे संवेदक शोधणाऱ्यांमध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन हे होते. स्पर्श आणि तापमानाच्या संवेदनांवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. १९९६ साली जर्मनीत झालेल्या एका चाचणीत कपाळाला लावलेलं दहा टक्क्यांचं, मेंथॉलयुक्त पेपरमिंट तेलाचं द्रावण ताणाच्या डोकेदुखीत पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं होतं. तेव्हा बामचा आराम निव्वळ मनाचा खेळ नाही. आपल्याकडे घरोघरी पोचलेला बाम मुंबईतलाच: काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली इथेच अमृतांजन सुरू केलं. पण डोळ्यांजवळ बाम नको, आणि तान्ह्या मुलांना तर मुळीच नको; बाममधला कापूर त्यांना घातक ठरतो.

सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा लेप बामच्या उलट, गरम. ताणाच्या डोकेदुखीत काहींना तो आवडतो. आग व्हायला लागली की लगेच धुवावा, कातडी भाजेपर्यंत सोसू नये. मळमळ असेल तर आल्याचा तुकडा चघळणं किंवा आलं घातलेलं कोमट पाणी घोट घोट घेणं जास्त उपयोगी.

लेपांपेक्षा माझा भर मात्र घड्याळावर आहे. जेवणाची वेळ टळली, पाणी कमी पडलं, झोप मोडली किंवा रविवारी उशिरापर्यंत ताणली, की अर्धशिशीची प्रवृत्ती असलेल्यांचं डोकं उठतं. निर्जळी उपासाने दुखणारं डोकं पाणी आणि थोडं खाणं मागत असतं. ज्यांना उपास सोडवत नाही त्यांनी निदान निर्जळी तरी करू नये. चहाचंही तसंच. दिवसाला चार-पाच कप कडक चहा पिणाऱ्याने तो एकदम सोडला तर चोवीस तासांच्या आत डोकं धरतं. ते आठवड्याभरात निवळतं. चहा कमी करायचा तर एकेक कप करत उतरावं.

आणि गोळ्या. त्यांच्याशी माझं वैर नाही. अर्धशिशीत वेळेवर घेतलेली योग्य गोळी दिवस वाचवते. पण महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, आणि मिश्र गोळ्या असतील तर दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. माणूस दुखतं म्हणून गोळी घेतो आणि गोळीमुळे पुन्हा दुखतं. हे चक्र डॉक्टरांच्या मदतीने तोडावं लागतं, आणि ते चालू आहे हे कळायला मोजदाद लागते. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपतोच. त्याच चौकटीत डोकं दुखलं त्या दिवशी फुली, गोळी घेतली तर तिच्याभोवती गोल, शेजारी न्हाणं, उपास, पाळी, जागरण, ऊन, अत्तर यातलं जे असेल ते एका शब्दात. दोन-तीन महिन्यांत आपापलं कारण बहुधा दिसू लागतं.

काही डोकेदुख्या मात्र फुली मारण्यासाठी थांबू देत नाहीत. क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी. ताप आणि ताठरलेल्या मानेसोबतची. बोलणं अडखळणं, हात-पाय लुळे पडणं किंवा दिसेनासं होणं यासोबतची. डोक्याला मार लागल्यानंतरची. गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली. यात घरी एकही उपाय करत वेळ घालवू नये.

दिवाळीनंतर नव्या वर्षाची कॅलेंडरं येतील. ज्यांचं डोकं वारंवार दुखतं त्यांनी त्यांची वाट न बघता आजच्या तारखेपासूनच नोंद सुरू करावी, आणि डॉक्टरांकडे जाताना ती पानं सोबत न्यावीत.