पाप निराळे, गुन्हा निराळा

श्रोतेहो, मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, की इंग्रजी अमदानीतली चर्चे दिसतात. इंग्रज गेले, चर्चे राहिली. तसाच त्यांचा एक कायदाही राहिला : १८६० च्या दंड संहितेतले कलम ३७७. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा! यामागे त्या काळच्या विलायतेतल्या ख्रिस्ती समजुती होत्या.

तुम्ही म्हणाल, म्हणजे ख्रिस्ती धर्म अशा माणसांच्या विरुद्धच की! पण गोष्ट इतकी सरळ नाही.

बायबलात अशा संबंधांचा निषेध आहे, हे खरे. कॅथलिक चर्च ते संबंध आजही अयोग्यच मानते. पण १९९२ च्या त्याच चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथात असेही सांगितले आहे, की समलिंगी माणसांशी आदराने व कनवाळूपणे वागावे, त्यांच्यावर अन्याय करू नये. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले. तेव्हा मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनी उघड सांगितले, की चर्च या माणसांना गुन्हेगार मानत नाही. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयानेच सज्ञानांचे राजीखुशीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२३ च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना मिळाली; लग्न लावण्याची नाही. स्वीडनचे चर्च मात्र २००९ पासून लग्नेही लावते. बायबल एकच, वाचणारे निरनिराळे!

यातून आपण काय घ्यायचे? पापपुण्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. त्यावर मतभेद राहतील. पण त्यासाठी कुणाला मारणे, घराबाहेर काढणे हे कोणत्या धर्मात बसते?

गुरुजी, वर्गात एखाद्या पोराला 'बायल्या' म्हणून पोरे छळतात. तो समलिंगी असेल, नसेलही. छळ तेवढा थांबवा. ते पोर शाळा सोडील, नाहीतर जिवाचे बरेवाईट करून घेईल. आणि आईबापहो, "लगीन करून दिलं की येईल ताळ्यावर," असे म्हणू नका. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच तो रोगांच्या यादीतून काढला. त्या लग्नात दुसऱ्याच्या लेकीचाही जन्म फुकट जातो.

लेकराने धीर करून सांगितले, तर आधी जवळ बसवा. बाकीचे मग बोलू.