डब्यातलं सॉसेज आणि भुकेचं जनुक

केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांपुढे पारदर्शक डबा ठेवला. आत सॉसेज, झाकणाला भोकं. वास येई, पण तोंड पोचत नसे. नाश्ता होऊन तीन तास झाले होते. काही कुत्री हुंगून बाजूला झाली. काही डब्यापासून हलेनात.

न हलणाऱ्यांत ‘पीओएमसी’ या जनुकातला बिघाड अधिक होता. एलेनॉर रॅफन यांच्या गटाने तो २०१६ साली शोधला होता: डीएनएची १४ अक्षरं गळालेली. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष आढळला, आणि त्याच्या एका प्रतीमागे वजन सरासरी दोन किलोंनी जास्त. सॉसेजच्या या २०२४ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दर वीस मिनिटांनी खाणं पुढे केलं, तेव्हा दोषवाली कुत्री इतरांपेक्षा जास्त जेवली नाहीत. पोट भरल्याचं त्यांना कळत होतं; दोन जेवणांमधली भूक मात्र त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर ऊर्जाही सुमारे २५ टक्क्यांनी कमी खर्च करत होतं.

हेच जनुक माणसात दुसऱ्या गुणसूत्रावर असतं.

त्यापासून एक लांब प्रथिन बनतं आणि शरीरातली विकरं त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याचं काम निराळं. एक अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसोल बनवायला लावतो. दुसरा, अल्फा-एमएसएच, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ‘एमसी४आर’ या ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, बसून ‘आता पुरे’ असा निरोप देतो. त्वचेत आणि केसांत काळसर रंगद्रव्य तयार व्हायलाही हाच तुकडा लागतो.

म्हणून १९९८ साली बर्लिनच्या हायको क्रूडे आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या दोन मुलांची लक्षणं वरवर विस्कळीत वाटली, तरी मूळ एकच होतं. कोवळ्या वयातच आलेला लठ्ठपणा, न शमणारी भूक, कॉर्टिसोलची कमतरता आणि तांबडे केस. दोघांतही पीओएमसी जनुक निकामी होतं. पुढे तुर्की वंशाच्या एका मुलात हाच आजार सापडला, पण त्याचे केस तपकिरी होते. काळ्या केसांच्या आपल्या समाजात डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं; तांबड्या केसांची वाट पाहत बसलं तर निदान हुकेल.

असे रुग्ण जगात फार थोडे आहेत, आणि बहुतेकांच्या लठ्ठपणाला एवढं सरळ कारण नसतं. तरीही या मुलांना ‘हावरट’ म्हणणं, त्यांच्या आईला ‘जरा आवर घाल’ असं सुनावणं, हा घोर अन्याय आहे. मेंदूपर्यंत निरोपच पोचत नसेल, तर मुलाने आवरायचं कशाच्या जोरावर?

तो निरोप बाहेरून देता येतो, हे २०१६ साली बर्लिनमध्येच पेटर क्यूनेन यांच्या गटाने दाखवलं. सेटमेलॅनोटाइड हे औषध थेट एमसी४आरवर काम करतं. ते टोचल्यावर दोन रुग्णांची भूक झपाट्याने उतरली. एकीचं वजन ४२ आठवड्यांत ५१ किलोंनी घटलं. मध्ये औषध थांबवलं तेव्हा भूक परतली आणि वजनही चढू लागलं. पुन्हा सुरू केल्यावर ते परत उतरलं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली.

या औषधाने त्वचा काळवंडते, केसांचा रंगही बदलू शकतो. भुकेच्या ग्राहकासाठी दिलेलं औषध रंगद्रव्याच्या ग्राहकालाही जागं करतं.